हे शरीर कुणाचं? ‘द होस्ट’ कादंबरी आणि आपलं दुसरं शील



गेल्या महिन्यात शुक्रवारच्या वंदनेनंतर आपल्या वाचन गटात एका वेगळ्याच पुस्तकावर चर्चा झाली. एरवी आपण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ किंवा बाबासाहेबांची भाषणं वाचतो. या वेळी पुस्तक सुचवलं ते कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या एका मुलीने. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ‘द होस्ट’ ही 2008 साली आलेली कादंबरी. त्यावर 2013 साली सिनेमाही निघाला. ‘ट्वायलाइट’ लिहिणारी तीच ही लेखिका. परग्रहावरचे जीव माणसांच्या अंगात शिरतात आणि त्यातूनच एक प्रेमकथा उभी राहते, असं कळल्यावर ज्येष्ठ मंडळींनी नाकं मुरडली. “वंदना झाल्यावर हे वाचायचं का?” असंही कुणी म्हणालं. पण त्या दिवशी चहा दोनदा झाला तरी कुणी उठायला तयार नव्हतं. शेवटी तिने विचारलेल्या एका प्रश्नावर सगळे गप्प झाले. त्या प्रश्नासाठीच हा लेख लिहिते आहे.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट सांगते. चांदीसारखे चमकणारे इवलेसे जीव पृथ्वीवर येतात आणि माणसाच्या मानेमागून आत शिरून शरीराचा ताबा घेतात. त्या शरीरातलं मूळ माणूस हळूहळू विझून जातं. हे जीव क्रूर नाहीत. उलट त्यांच्या राज्यात युद्ध नाही, चोरी नाही, पैसा नाही, आणि औषधाने जवळजवळ सगळं बरं होतं. जवळपास सगळी पृथ्वी अशी ताब्यात गेल्यावर मेलनी नावाची एक तरुणी पकडली जाते. तिच्या शरीरात घातलेला जीव, म्हणजे वॉन्डरर, अनेक ग्रहांवर जगून आलेली अनुभवी आहे. पण मेलनी विझत नाही. ती आतून बोलत राहते, भांडत राहते, आपल्या लहान भावाची आणि प्रियकराची आठवण काढत राहते. शेवटी त्या आठवणींच्या ओढीने वॉन्डररच तिला घेऊन वाळवंटात लपलेल्या माणसांकडे जाते. तिथली माणसं पुढे तिला ‘वांडा’ म्हणू लागतात. त्या मेलनीच्या घरच्या माणसांवर वांडाचाही जीव जडतो, आणि एक दुसरा तरुण मेलनीवर नव्हे तर वांडावर प्रेम करू लागतो. एका शरीरात दोघी, अशी ही अडचण आहे.

आपल्या गटात मतं लगेच विभागली. तरुण मुलींना वांडा आवडली. एका ताईंना, ज्या इथे बरीच वर्षं नर्स आहेत, तिचा राग आला. “सारखी त्याग करते, सारखी रडते. आपल्या सिनेमांतली आई बरी,” असं त्या म्हणाल्या. सलमाबादला गॅरेजमध्ये सुपरवायझर असलेल्या एका काकांचा सूर वेगळाच होता. “अहो, त्या जीवांनी काय वाईट केलं? युद्ध बंद केलं, रोग बंद केले. माणसांनी स्वतःच्या हाताने काय दिवे लावले होते?” असा त्यांचा सवाल होता.

त्या जीवांना लेखिकेने नाव दिलंय ‘सोल’, म्हणजे आत्मा. आपल्या गटात हे कुणाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

आत्मा आणि भाड्याचं घर

आत्मा शरीरात येतो, शरीर वापरतो आणि जुनं झालं की दुसरं घेतो, ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या आजी-आजोबांनी ती कीर्तनात ऐकली, पोथीत ऐकली. शरीर म्हणजे कपडा, शरीर म्हणजे भाड्याचं घर. ऐकायला ती फार थोर वाटते. पण शरीर नुसता कपडा असेल, तर ज्याचं शरीर विहिरीपासून दूर ठेवलं, ज्याची सावलीही अंगावर पडू दिली नाही, त्याला काय सांगितलं गेलं? तुझा आत्मा शुद्ध आहे, हा कपडा मागच्या जन्मीच्या कर्माने मिळालाय, पुढच्या जन्मी बदलेल. आत्म्याच्या नावाने शरीरावरचा अन्याय सोयीचा करून ठेवला गेला.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये आत्म्याच्या कल्पनेवर एवढी पानं खर्च केली त्यामागे हेच कारण असावं, असं मला वाटतं. माणूस म्हणजे देह आणि मन मिळून चाललेली प्रक्रिया. आत बसलेला कुणी वेगळा, न बदलणारा मालक नाही. मिलिंद राजाला नागसेन भिक्खूंनी रथाच्या दृष्टान्ताने हेच समजावलं. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि सगळे भाग बाजूला काढल्यावर ‘रथ’ नावाची वेगळी वस्तू कुठे उरत नाही. औरंगाबादच्या कॉलेजला बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ हे नाव दिलं आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. ज्यांचे वडील, काका तिथे शिकले, त्यांना तरी हा दृष्टान्त नवीन नाही.

गंमत अशी की कादंबरीने नाव ‘आत्मा’ दिलं, पण गोष्ट नेमकी उलट सांगितली. वांडा शरीरात शिरते ती स्वतःला वेगळी, स्वतंत्र समजून. पण त्या शरीराच्या आठवणी, त्याची भीती, त्याची माया तिला बदलून टाकते. मेलनीच्या भावाला बघून तिचे डोळे भरतात, कारण ते डोळे मेलनीचे आहेत. ज्याने शरीराला कपडा मानलं, त्यालाच त्या कपड्याने दुसरं कुणी करून टाकलं. लेखिकेच्या मनात हे होतं की नाही, सांगता येत नाही. पण ज्याच्या कानावर प्रतीत्यसमुत्पाद पडलेला आहे, त्याला ते दिसल्याशिवाय राहत नाही.

तिचा प्रश्न

इथवर सगळ्यांच्या माना डोलत होत्या. तेव्हा ती मुलगी म्हणाली, “मावशी, मग एक सांगा. बुद्ध म्हणतात, शरीर ‘मी’ नाही, ‘माझं’ नाही. सारनाथला पाच भिक्खूंना त्यांनी हेच सांगितलं ना? शरीर माझं असतं तर मी त्याला सांगितलं असतं, आजारी पडू नकोस, म्हातारं होऊ नकोस, आणि त्याने ऐकलं असतं. मग मेलनीने ‘हे शरीर माझं आहे, बाहेर हो’ असं म्हणायचं कशाच्या जोरावर? आपणच जर म्हणतो की शरीराला मालक नाही, तर जो घेईल तो घेऊ दे. आणि आपल्या माणसांनी ‘आमच्या शरीरावर आमचा हक्क’ असं म्हणायचं कशाच्या जोरावर?”

सगळे शांत झाले. काका हसून म्हणाले, “पोरीने वकिली केली पाहिजे.” पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. घरी जाऊन मी बराच विचार केला. जे हाती लागलं ते आता मांडते.

पहिली गोष्ट. आत मालक नाही, याचा अर्थ मालकी बाहेरच्याकडे गेली असा होत नाही. वांडाही अनात्मच, ती तरी मालक कशी होईल? अनात्म सगळ्यांनाच लागू आहे. तो गुलामाला जेवढा लागू, तेवढाच मालकालाही लागू. जो फक्त दुसऱ्यालाच ‘तुझं काही नाही’ असं शिकवतो आणि स्वतःचं मात्र धरून ठेवतो, तो धम्म सांगत नाही. तो आपली सोय बघतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती आपण दर शुक्रवारी तोंडाने म्हणतो. आपलं दुसरं शील. आपण त्याचा अर्थ ‘चोरी करणार नाही’ असा सांगतो. पण पालीतला शब्द बघा: अदिन्नादाना. अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. जे दिलं गेलेलं नाही ते घेण्यापासून दूर राहणं. या शब्दात मालक कुठेच नाही! हे कुणाचं आहे, सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे शील विचारतच नाही. ते एकच विचारतं: दिलं का?

मला वाटतं, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मेलनीला आपण शरीराची मालकीण आहोत हे सिद्ध करण्याची गरज नाही. तिने दिलं नव्हतं, एवढं पुरे. दुखतं तिला, ओरडते ती, आणि तिला कुणी विचारलं नाही. हक्क मालकीवर उभा नाही, तो दुःखावर आणि संमतीवर उभा आहे. अनात्म मानणारा माणूस ‘हे माझं’ असं न म्हणताही ‘हे मी दिलेलं नाही’ असं ठामपणे म्हणू शकतो.

न विचारता घेतलेलं

हा एक प्रश्न घेऊन आपल्याच इतिहासाकडे बघा.

महार वतन काय होतं? थोडीशी जमीन, थोडं बलुतं, आणि त्याच्या बदल्यात चोवीस तास सरकारचा आणि गावाचा हुकूम. बाप हजर नसेल तर मुलाला धरायचं, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी धरायचं. शरीर आपलं, पण त्यातून चालायचा हुकूम दुसऱ्याचा. अंगात शिरणं म्हणतात ते याहून वेगळं काय? आणि वर ते ‘वतन’ होतं, मानाचं! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ही जमीन म्हणजे मान नव्हे, गळ्यातला फास आहे, हे आपल्याच माणसांना पटवण्यात त्यांची वर्षं गेली. कनिष्ठ गावकामगारांची ही वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडलं. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

खंडोबाला वाहिलेली मुरळी, यल्लम्माला सोडलेली जोगतीण हाही त्याचाच भाग. इथे तर दिलं गेलं होतं. पण कुणी दिलं? आई-बापाने दिलं. जिचं आयुष्य होतं त्या लेकराला कुणी विचारलं? जून 1936 मध्ये बाबासाहेब मुंबईत परळला वेश्या, देवदासी, मुरळी, जोगतिणींच्या सभेत बोलले. हा जीवनक्रम सोडा आणि समाजात मानाने या, असं त्यांनी त्या भगिनींना स्पष्ट सांगितलं. त्या काळात किती पुढारी त्यांच्यासमोर उभं राहून असं बोलले असतील?

आणि ‘अंगात येणं’. आपल्यापैकी किती जणांनी ते लहानपणी पाहिलंय! माझ्या आजोळी एका बाईच्या अंगात यायचं. केस सोडून ती घुमायला लागली की एरवी तिच्यावर हात उचलणारा नवराही पाया पडायचा. आता वाटतं, बिचारीला आपलं म्हणणं मांडायला देवीचा आधार घ्यावा लागत होता. स्वतःच्या तोंडाने बोलली असती तर मार खाल्ला असता. नागपूरच्या दीक्षेनंतर घरोघरचे देव गेले तेव्हा हेही बंद व्हायला हवं होतं, आणि बऱ्याच घरांत झालंही. पण आपल्या बाईला स्वतःच्या आवाजात बोलता यावं, हे काम अजून उरलेलंच आहे. दाभोलकरांच्या हत्येनंतर डिसेंबर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात दैवी शक्ती संचारल्याचं सांगून लोकांना भीती घालणं आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, हे त्यात गुन्हे आहेत. कायद्याने मांत्रिकाला आवर घातला. बाईला आवाज देण्याचं काम आपलं आहे.

चांगला कब्जेदार

आता काकांच्या सवालाकडे येते, कारण तो मला सगळ्यात अवघड वाटला. त्या जीवांनी जग सुखी केलं, मग बिघडलं काय?

20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेब ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलले. सोळा दिवसांनी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. त्यांच्या मांडणीचा गाभा मला असा समजला: दुःख आणि शोषण नाहीसं व्हावं हे ध्येय दोघांचंही आहे, पण मार्ग वेगळे आहेत. जबरदस्तीने आणलेली समता जबरदस्ती हटली की टिकत नाही. बुद्ध माणसाचं मन बदलतो, म्हणजे तो योग्य ते स्वतःहून करतो. त्या चमकत्या जीवांच्या राज्यात चोरी होत नाही, कारण चोरी करू शकेल असं माणूसच उरलेलं नाही. शील पाळणारा कुणी नसेल, तर त्याला शील म्हणायचं कसं? स्मशानातही भांडणं होत नाहीत.

पण वांडाचं काय? ती वाईट नाही. तिने कुणाला मारलं नाही, ती प्रेमळ आहे, तिला दुःख बघवत नाही. फक्त ती ज्या घरात राहते ते घर दुसऱ्याचं हिसकावलेलं आहे. अशी भली माणसं आपण पाहिली आहेत. गावात एखादं वरच्या जातीचं घर असायचं, जे कधी वाईट बोलायचं नाही, सणाला वेगळ्या भांड्यात का होईना पुरणपोळी द्यायचं. ती माणसं खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या भलेपणाने वेगळं भांडं एकत्र आलं नाही.

वांडाचं मोठेपण मला तिच्या रडण्यात दिसत नाही. ते एका कृतीत दिसतं. गुहेतला डॉक्टर शरीरातून जीव काढायचा प्रयत्न करत असतो आणि त्यात दोन्ही मरत असतात. जीव सुखरूप बाहेर कसा काढायचा हे गुपित वांडाला ठाऊक असतं. ते ती सांगते. अट एकच: काढलेल्या जीवांना मारायचं नाही, दूरच्या ग्रहावर पाठवायचं. आणि मग ती स्वतः मेलनीचं शरीर सोडायला तयार होते. आपल्याला मिळालेलं दिलं गेलेलं नव्हतं, हे कळल्यावर तिने क्षमा मागून तिथेच राहणं निवडलं नाही. तिने परत केलं.

शेवट मात्र आम्हाला खटकला. तिच्या माणसांना तिला मरू द्यायचं नसतं. ते तिला दुसऱ्या एका मुलीच्या शरीरात ठेवतात, जी जीव काढल्यावरही जागी झालेली नसते. लेखिकेला सुखान्त हवा होता. नर्स ताई एकदम म्हणाल्या, “आयसीयूत बेशुद्ध पेशंट काही बोलत नाही, म्हणून तो ‘हो’ म्हणाला असं आम्ही लिहीत नाही.” तरुणांचं म्हणणं, तिथे आता दुखणारं कुणी उरलंच नव्हतं, मग एक जीव वाचला तर काय वाईट? मी दोन्ही बाजू ऐकल्या. माझं मत ताईंच्या बाजूने झुकतं. मौन म्हणजे देणं नव्हे. पण ठाम बोलायला माझीही जीभ रेटत नाही.

आपल्या कपाटातली गोष्ट

हे सगळं लिहून मी थांबले असते तर बरं वाटलं असतं. पण वाचता वाचता स्वतःच्या घराकडे नजर गेली.

आपण इथे पाहुणे आहोत. आपला व्हिसा दुसऱ्याच्या हातात असण्याची धास्ती आपल्याला ठाऊक आहे. नवीन आलेल्या मुलाला आपण सगळ्यात आधी सांगतो, बाबा रे, पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. कडक उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारी 12 ते 4 उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे. तो नियम पाळला जातो तेव्हा आपल्याला बरं वाटतं, कारण त्यातून एवढं तरी मान्य होतं की मालकाने काम विकत घेतलंय, माणसाचं अंग नाही.

आणि तरीही, मुलं लहान असताना आमच्याकडे राहून काम करणाऱ्या बाईंचा पासपोर्ट जवळजवळ दोन वर्षं आमच्या कपाटात, माझ्या दागिन्यांच्या डब्याखाली होता. “हरवेल म्हणून सांभाळून ठेवला,” असं मी सगळ्यांना सांगायचे. स्वतःलाही तेच सांगायचे. तिने तो स्वतःच्या हाताने दिला होता, हे खरं आहे. पण जिचा व्हिसा माझ्या नवऱ्याच्या नावावर होता, तिने मी मागितल्यावर ‘नाही’ कसं म्हटलं असतं? जिथे नकार देताच येत नाही, तिथलं देणं हे देणं असतं का? पासपोर्ट असा ठेवून घेणं इथल्या कायद्यालाही मान्य नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायला मी धजत नाही. मी दर शुक्रवारी अदिन्नादाना म्हणत होते. घरी आले की डबा तिथेच.

तिची आई वारली तेव्हा तिने पासपोर्ट मागितला, आणि मागताना तिचा आवाज कापत होता. मी लगेच दिला. पण तो कापरा आवाज मला अजून ऐकू येतो. मेलनीचा आतला आवाज वाचताना मला तोच ऐकू आला.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं: बाळ, शरीर कुणाचं, हा प्रश्न पंडितांना सोडवू दे. आपण रोज विचारायचा प्रश्न सोपा आहे. मी जे घेतेय ते दिलं गेलंय का? आणि देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक होती का? आपल्या पूर्वजांकडून घेताना हा प्रश्न कुणी विचारला नाही. आपण तो विचारला नाही, तर आपण फक्त घर बदललं, धम्म नाही.

ज्यांच्या घरी कामाला कुणी आहे, त्यांना एक विनंती. येत्या शुक्रवारी वंदनेला निघण्याआधी एकदा कपाट उघडून बघा. त्यात काही न दिलेलं असेल, तर परत करून मगच या. थोडा उशीर झाला तरी चालेल, आम्ही थांबू.

जय भीम! नमो बुद्धाय!